माझ्या नावावरचं खातं

खातं माझ्या नावावर होतं, पण चालायचं दादाच्या फोनवर. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी ते उघडलं तेव्हा बाबा होते आणि घरात एकच फोन होता. बाबा वारले, फोन दादाकडे गेला आणि त्याच्याबरोबर खातंही गेलं. एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असायचं. पुढे मी पूर्णगडहून रत्नागिरीला कॉलेजला आले, एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली आणि संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायला लागले. पगार आणि शिष्यवृत्ती दोन्ही त्याच खात्यात पडायची. शनिवारी घरी गेले की दादा हातावर काही नोटा ठेवायचा. जास्त मागितले तर विचारायचा, "कशाला?" उत्तर पटलं नाही की कानाखाली. मग मी त्याचं जेवण होईपर्यंत थांबायला शिकले. भरल्या पोटी तो एकदाच मारायचा.

दादा पीत नव्हता. हे सांगावं लागतं, कारण ऐकणाऱ्याला आधी तेच वाटतं. पहाटे होडीवर जायचा, फाटलेली जाळी स्वतः शिवायचा. बाबांच्या मागे घर त्यानेच ओढलं. फक्त त्याचा हात तोंडाच्या आधी चालायचा.

बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला पैशांच्या नियोजनाचा एक विषय होता. मॅडमनी महिन्याची जमा आणि खर्च लिहून आणायला सांगितलं. मी कोरा कागद घेऊन गेले.

"खात्यात किती आहेत तुझ्या?"

"माहीत नाही. दादा बघतो."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"वय किती तुझं?"

"एकोणीस."

"मग ते खातं तुझ्या एकटीचं आहे. ज्याचा नंबर खात्याला जोडलेला, पैसे त्याच्या हातात. आधी नंबर बदल. बचत, विमा, व्याज, ते सगळं नंतर शिकू."

मी बँकेत जाण्याआधी दादालाच विचारलं. लपून करायचं नव्हतं. शनिवारी जेवण होईपर्यंत न थांबता, तो जेवत असतानाच म्हटलं, "दादा, खात्याला माझा नंबर लावते." त्याने ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. मग माझी वेणी हाताला गुंडाळली आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

"मी चोर वाटलो तुला? चोर?"

प्रत्येक शब्दाला चौकट. कानात शिट्टी वाजत राहिली. बांगडा माशाचं कालवण भिंतीवरून खाली ओघळत होतं. आई चुलीपाशीच बसून म्हणाली, "बायो, गप ऱ्हा. सोस जरा."

दादाच्या माराचं मला नवल नव्हतं. आईचं ते वाक्य मात्र मी एसटीत बसून पुन्हा पुन्हा ऐकत राहिले.

सोमवारी मैत्रिणीला घेऊन बँकेत गेले. कपाळावर टेंगूळ होतं, ते ओढणीखाली घेतलं. नंबर बदलला, जुनं कार्ड बंद केलं, पासबुक छापून घेतलं. बाहेरच्या पायरीवर बसून सगळ्या नोंदी वाचल्या. गॅसचा सिलिंडर होता, आईची औषधं होती, आणि पेट्रोल होतं, खूप पेट्रोल. त्याने सगळे पैसे उडवले असते तर मला त्याचा राग करणं सोपं गेलं असतं.

दोन दिवसांनी पावस गावच्या पेट्रोल पंपावर त्याचं पेमेंट अडकलं. कार्डही चाललं नाही. मागे रांग होती, लोक बघत होते. हे मला नंतर कळलं. मला एवढंच दिसलं, की दवाखान्याच्या दारात दादा उभा आहे आणि त्याने हेल्मेट काढलेलं नाही.

"खाली ये."

पेशंट बसले होते, म्हणून मी गेले. जिना संपायच्या आत त्याने हेल्मेट काढलं आणि ते माझ्या तोंडावर बसलं. मी पायरीवरून रस्त्यावर पडले. त्याने पोटात लाथ घातली, मग बरगडीत. रिक्षावाले धावले. समोरच्या दुकानातला माणूस ओरडला, "ए, काय चाललंय?"

"भाऊ हाय मी तिचा!" दादा म्हणाला.

ते ऐकून सगळे थांबले. धावलेला रिक्षावाला दोन पावलं मागे सरला. हेल्मेटपेक्षा, लाथांपेक्षा ते मागे सरणं मला जास्त लागलं.

माझा फोन हातातून निसटून पडला होता. दादाने कुंपणाच्या गडग्यावरचा एक जांभा दगड उचलला आणि फोनवर घातला. पुन्हा घातला. काचेचा चुरा झाला तरी घालत राहिला. तो धापा टाकत होता.

"घे आता. जा. काढ पैसे."

तोंडात रक्त होतं, एक दात हलत होता, आणि तेवढ्यात मला कळलं की दादाला खरंच काही माहीत नाही. त्याला वाटत होतं, पैसे त्या फोनात आहेत. फोडला की संपले. इतकी वर्षं मी ज्याला भ्यायले, तो या बाबतीत आधीच्या माझ्याइतकाच अडाणी होता.

दात त्याच दवाखान्यात वाचला. डॉक्टरीणबाई मला स्वतः पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. तक्रार लिहिली गेली, दादाला बोलावून समज दिली गेली. नवीन सिम घेतलं, मैत्रिणीच्या जुन्या फोनात घातलं. खातं जिथल्या तिथे होतं.

महिन्याभराने आईचा निरोप आला, ये म्हणून. मी गेले. आई पडवीत सुरमई कापत होती. मी तिच्याजवळ टेकले, तोच दादा मागच्या दाराने आला. पोलिसांनी बोलावल्याची लाज त्याच्या अंगात तशीच पेटलेली होती. त्याने कोपऱ्यातलं वल्हं उचललं. पहिला घाव मी उजव्या हातावर घेतला. हाड वाजलं. दुसऱ्यासाठी त्याने वल्हं वर नेलं आणि आई उठली.

"ठेव खाली!"

"तू मधी पडू नको."

आईच्या हातात माशाचा कोयता तसाच होता. तिने तो फिरवला. भीती घालण्यासाठी, असं ती नंतर म्हणाली. मी तिचा चेहरा पाहिला होता. कोयता दादाच्या दंडात घुसला. वल्हं पडलं. दादाचं रक्त सुरमईच्या तुकड्यांवर पडलं. आई ओरडत होती, "माझ्या पोरीला मारतंस? मी सोसलं तेवढं बास नाय?" तिने कोयता पुन्हा उचलला तेव्हा मीच माझ्या चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं.

शेजाऱ्याच्या रिक्षातून आम्ही तिघं पावसच्या खाजगी डॉक्टरकडे गेलो. दादाच्या दंडाला आईचा पदर बांधलेला. "कोयता लागला," एवढंच तो बोलला. डॉक्टरांनी टाके घातले, माझ्या हाताला पट्टी बांधली, हाडाचा फोटो काढायला रत्नागिरीला जा म्हणाले. मग विचारलं, "पैसे कोण देणार?"

दादाने सवयीने खिशाला हात लावला आणि तसाच ठेवला. मी कोड स्कॅन केला. पिन टाकताना फोन अंगाकडे वळवला. दादाने मान दुसरीकडे फिरवली. त्या दिवशी मला रडू आलं ते तेव्हा.

त्यानंतर त्याने हात उचलला नाही. त्याला पश्चात्ताप झाला म्हणून, की आईच्या भीतीने, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. तो माझ्याशी बोलत नाही. आईच्या औषधांचे पैसे मी महिन्याच्या सुरुवातीला थेट दुकानदाराला पाठवते. परीक्षेच्या आधी एक छोटी मुदतठेव केली. वारस म्हणून कोणाचं नाव लावायचं, असं बँकेत विचारलं, तेव्हा मी आईचं सांगितलं.

हात मात्र वाकडाच जुळला. दवाखान्याची जड फाईल उचलताना मी आता डावा हात वापरते.