शेवळाचे काप

मे संपता संपता पनवेलच्या बाजारात शेवळं ही रानभाजी येते. डोंगराकडच्या बायका त्यांच्या जुड्या बांधून आणतात. जांभळट तपकिरी, बोटाएवढ्या जाड, घट्ट मिटलेल्या कळ्या. कळीच्या आत एक दांडा असतो आणि त्याच्या बुडाशी पिवळसर, दाणेदार भाग. खाज असते ती त्यातच. तो कापून टाकायचा आणि उरलीसुरली खाज मारायला भाजीत काकडाची आंबट फळं घालायची, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

मला तेव्हा फोटोंचं वेड लागलं होतं. ऑफिसातल्या एकाने एका जुन्या परदेशी पुस्तकातली छायाचित्रं कॉम्प्युटरवर दाखवली होती. जवळपास शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी झाडांचे तुकडे अगदी जवळून टिपलेले. मागे नुसता राखाडी रंग. नेच्याचा गुंडाळलेला कोंब लोखंडी कठड्याच्या नक्षीसारखा दिसत होता. मग मीही नवा डिजिटल कॅमेरा घेतला, त्यावर जुनं भिंग उलटं बसवलं आणि घरातली झाडं कापत सुटलो. बायको म्हणाली, “कुंडीत काहीतरी राहू द्या. नाहीतर मला फोटोलाच पाणी घालावं लागेल.”

त्या रविवारी तिने शेवळं साफ केली. काढून टाकलेली बुडं वर्तमानपत्रावर पडली होती. त्यातलं एक मी भिंगाखाली धरलं आणि थक्क झालो. देवळाच्या खांबावर कोरावेत तसे दाणे, ओळीने. आतून कसं दिसतं ते बघायला ब्लेडने तीन-चार बुडांचे आडवे काप केले, सुकू नयेत म्हणून ताटलीत पाणी शिंपडून ठेवले. तेवढ्यात ढग आला. उजेड परत येईपर्यंत आधीचे फोटो बघावेत म्हणून ताटली ओट्यावर ठेवली आणि आत गेलो. शेजारीच बायकोची चिरलेली शेवळं होती.

आईला मधुमेहाच्या गोळीमुळे लवकर जेवावं लागे. शेवळाच्या भाजीचे दोन-चार घास झाले आणि तिने हातातला घास खाली ठेवला. घशात काटे टोचतायत म्हणाली. मग ओठ सुजायला लागला. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात धावलो, तर ताटली मोरीत रिकामी पडलेली. चिरलेल्या शेवळांतलेच समजून बायकोने ते काप भाजीत टाकले होते.

रिक्षात बायको आईचा हात धरून सारखी विचारत होती, काकडं कमी पडली का, एखादं बूड राहून गेलं का. आईला बोलवत नव्हतं. ती नुसती मान हलवत होती. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी रस्त्याकडे बघत बसलो. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तेव्हा बायको रडत म्हणाली, “माझ्याच हातून झालं.”

तेव्हा कुठे मला तोंड उघडता आलं. “नाही. खाजरे काप मी ओट्यावर ठेवले होते. फोटोसाठी.”

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि आम्हाला तिथेच थांबायला सांगितलं. श्वास लागला तर लगेच हाक मारा, म्हणाले. मी आईच्या समोर स्टूल ओढलं. तिच्या गळ्याची खाली-वर होणारी कातडी सोडून मला दुसरं काही दिसत नव्हतं. प्रत्येक श्वास सुटला की पुढचा येईल ना, अशी धास्ती वाटे. किती वेळ गेला कोण जाणे. बाजूच्या खिडकीतून तिच्या मानेवर तिरपा उजेड पडला. सुरकुत्यांच्या कडा उजळल्या, मधल्या घड्या काळ्या झाल्या. आणि माझी नजर आपोआप त्याभोवती चौकट आखायला लागली. किती जवळ जावं लागेल, मागे कोणता रंग हवा, हेसुद्धा मनात येऊन गेलं. माझी आई श्वासासाठी झगडत होती आणि मी हे बघत होतो.

हळूहळू ओठाची सूज उतरली. आईने थुंकी गिळून पाहिली, मग डोळे उघडले.

“असा काय बघतोस?” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “हाय मी. नाय मेली.”

बायकोला रडता रडता हसू फुटलं. आईने माझा हात थोपटला, लहानपणी ताप आला की थोपटायची तसा. पोर घाबरलंय, असं तिला वाटलं. घाबरलो होतोच. पण तेवढंच नव्हतं, आणि ते मला तिला सांगता आलं नाही.