आजीच्या बांगड्या आणि आत्याचा चट्टा

आमच्या आत्याला महारोग झाला होता.

आज सकाळी केळव्याला ती गेली, म्हणून ही पोस्ट. महारोगाने नाही, चांगली म्हातारी होऊन गेली. "मी गेले की सगल्यांना सांग गो. पोरी अजून चट्टे लपवतात," असं तिनेच बजावलं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललेलं. आत्याचं लग्न शिरगावला ठरलं होतं, आणि कोपराखाली एक फिकट चट्टा उठला.

पहिल्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "गजकर्ण आहे." मलम दिलं. विषय संपला.

मग एकदा मासे तळताना तेल उडालं. चट्ट्यावर हा मोठा फोड, आणि आत्याला पत्ताच नाही! तिची आई, म्हणजे माझी आजी, हादरलीच.

पालघरचे दुसरे डॉक्टर डोळे बांधून कापूस लावतात, लागलेला कळला नाही तर महारोग, हे आजीला शेजारणीकडून कळलेलं. झालं! मायलेकींनी घरी चक्क तालीम केली.

डॉक्टरांनी आत्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. "कापूस लागला की हो म्हण."

कापूस टेकला. मागे बसलेल्या आजीच्या बांगड्या वाजल्या.

"हो."

परत बांगड्या.

"हो."

एकदम फर्स्ट क्लास पास!

मग डॉक्टरांनी कापूस खाली आणला आणि अंगाला न लावता तसाच धरला.

बांगड्या वाजल्या.

"हो," आत्या म्हणाली.

डॉक्टर आजीकडे वळले. "बाई, सवाष्णीला बांगड्या काढा असं मी म्हणणार नाही. तुम्हीच बाहेर बसा."

पुढचं सांगताना आत्या कधी हसायची नाही. "मी वाट बघत बसले गो. आता लावतील, मग लावतील. तर ते रुमाल सोडून म्हणतात, झाली टेस्ट."

आजीने रडून गोंधळ घातला. "माज्या पोरीचं लगीन आता कोन करल?"

"लग्नाचं मला नाही सांगता येत. बोटांचं सांगतो. गोळ्या नेमाने घेतल्या तर वाकायची नाहीत. तुमच्या बांगड्यांचं ऐकलं असतं, तर तिला नुसतं मलम देऊन घरी पाठवलं असतं."

शिरगावचं लग्न मोडलं. आत्या खूप रडली. पण वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या, आणि बरी झाली. पुढे काकांशी लग्न झालं, त्यांना सगळं आधी सांगून.

नंतर घरात कुणाच्याही बांगड्या वाजल्या की आत्या मुद्दाम "हो" म्हणायची. आजी जाम चिडायची. "गप ऱ्हा गो बाय!" आलेल्या पाहुण्यांना कळायचं नाही, आम्ही कशाला हसतोय.

आज काकांच्या समोर आम्ही तिच्या हातात हिरवा चुडा भरला. दहाही बोटं सरळ होती.

बांगड्या वाजल्या.

मी उगाच थांबले.

आत्या, सांगितलं गं सगळ्यांना. ये आता.