दस्तगीरचाचांचा लाल रंग

दस्तगीरचाचांच्या उजव्या हाताची बोटं कायम गुलाबी असत. डबा खाताना समोरच्याचं लक्ष त्यांच्या बोटांवरच जायचं. "साबणानं जात न्हाई ह्यो, सिस्टर. कातडं बदलंल तवाच जायचा," असं म्हणून ते निवांत भाकरी मोडत.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मी साताऱ्याहून नर्स म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात आले. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. क्षयाच्या रोग्यांची थुंकी तपासण्याचं काम चाचांकडे होतं. थुंकीचा थर दिलेल्या काचेवर ते फुक्सिन नावाचा लाल रंग ओतत, वाफ येईपर्यंत खालून शेकत आणि मग ॲसिडनं धूत. बाकी सगळ्याचा रंग उतरे, क्षयाच्या जंतूंचा उतरत नसे. वर निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत निळ्यावर बारीक लाल काड्या दिसत. "सगळं सोडून देतंय, पर ह्यो जंतू धरलेला रंग सोडत न्हाई. लय हट्टी," ते मला दाखवत म्हणायचे.

रंगाची नवी बाटली आली की आधी क्षय नक्की असलेल्या रोग्याच्या काचेवर ती तपासायची, हा त्यांचाच नियम. एकदाच तो चुकला. आजूबाजूच्या गावांतून एकदम खूप रोगी आले होते, चाचांना स्वतःलाच ताप होता आणि नवी बाटली तशीच वापरात आली.

तीन आठवड्यांनी वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याचा रिपोर्ट माझ्या हातात आला. निगेटिव्ह. म्हातारा आदल्या दिवशीच रक्त ओकला होता. मी कागद घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेला रंग काढला आणि तीच काच पुन्हा रंगवली. दुर्बिणीत पाहिलं आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. काच लाल काड्यांनी भरली होती.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "रंगच खराब निघाला, त्याला आपण काय करणार? दुसरी बाटली मागवू. आजारी असतील ते खोकला वाढला की येतील परत."

"तवर घरातल्यास्नी लागंल, सायब," चाचा म्हणाले. "बाटली तपासायची ऱ्हायली ती माझ्याकडनं. मीच जाऊन सांगतो."

सांगलीहून ओळखीनं चांगला रंग आणून त्यांनी तीन आठवड्यांच्या सगळ्या काचा पुन्हा रंगवल्या. त्या म्हाताऱ्याखेरीज आणखी पाच काचांत लाल काड्या निघाल्या. रजा टाकून ते एसटीनं एकेकाच्या घरी गेले. पाचवी काच कडेगावकडच्या एका वस्तीवरच्या सुमनची होती. बाईमाणूस म्हणून मीही बरोबर गेले.

सुमनचा नवरा फौजेत होता. तपासायला येण्याआधी ती चार महिन्यांच्या मुलीला सासूकडे ठेवून गोठ्याशेजारी वेगळी निजत होती. रिपोर्ट चांगला आला तशी तिनं लेकीला जवळ घेतलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा मूल तिच्या मांडीवर पीत होतं.

चाचा दारातच उभे राहिले. "पोरी, मी तुला चुकीचं सांगितलं. तुला क्षय हाय. चूक माझी हाय."

सुमननं आधी मुलीकडे पाहिलं. सासू पुढं आली. "आवं, कागद हाय की आमच्याजवळ. तुमच्याच दवाखान्याचा."

"त्यो कागद खोटा हाय, मावशी."

सासूनं मूल ओढून घेतलं तेव्हा ते रडू लागलं. सुमनचे हात तसेच मांडीवर राहिले.

सुमनला आणि मुलीला औषधं सुरू केली. पण दीड महिन्यानं मुलीला झटके येऊ लागले. रोग मेंदूत गेला होता. आमच्याच वॉर्डात तिनं जीव सोडला. चाचा त्या दिवशी बाहेर बाकावर बसून होते. सुमनच्या सासूनं त्यांना बोल लावले. त्यांनी मान खाली घालून सगळे ऐकले.

सुमननं मात्र औषध सोडलं नाही. वर्ष-दीड वर्ष इंजेक्शनं आणि गोळ्या घेतल्या. शेवटची काच तपासायला आली तेव्हा चाचांनी तिला समोर बसवून पाहिली. फार वेळ पाहिली.

"लाल कुटं दिसत न्हाई," ते म्हणाले. "बरी झालीस."

ती उठली नाही. "चाचा, एक इचारू? तवाच काच नीट रंगली असती, तर माझी पोरगी वाचली असती का?"

मी मनात म्हटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून न्या.

"व्हय," चाचा म्हणाले. "वाचली असती."

सुमननं डोक्यावरचा पदर सारखा केला, औषधाचा कागद पिशवीत घातला आणि स्टँडकडे चालू लागली.

मला त्यांचा राग आला. "असं कसं बोललात? देवाच्या हातात असतं म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं?"

चाचा काच पुसत होते.

"तिनं देवाला इचारलं न्हवतं, सिस्टर," ते म्हणाले. "मला इचारलं."