पंखातली सरळ शीर

आमचे सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि रोज सकाळी चरख्यावर सूत काढत. पन्नास सालानंतरच्या त्या वर्ध्यात याचं कुणाला नवल नव्हतं. पंचाईत एवढीच, की सर कीटकांचे अभ्यासक होते आणि कीटक मारत नसत.

मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. संध्याकाळी पवनारला नदीकाठी पांढरं धोतर ताणून बांधायचं आणि मागे कंदील ठेवायचा, हे माझं काम. धोतरावर कॅडिसफ्लाय येऊन बसत. हे कीटक दिसायला बारीक पतंगासारखे, पंख छपरासारखे उतरते आणि त्यांवर मऊ लव. बाकीचं जग त्यांना स्पिरिटमध्ये बुडवून मोकळं होतं. आम्ही मात्र सकाळी परत जाऊन, जे आपल्या मरणानं मेले असतील तेवढेच वेचायचो. मुंग्या आमच्या आधी पोचलेल्या असत. त्यांना अहिंसेचं कुणी सांगितलं नव्हतं.

असल्या उरल्यासुरल्या मालावर सरांनी एक नवी प्रजाती उभी केली. कुंचल्यानं लव झाडली की पंखाच्या शिरा दिसतात. जवळच्या प्रजातींत एक शीर काठापाशी दुभंगते. सरांच्या कीटकात ती सरळ जात होती, शिवाय पुढच्या नडगीवर काटे नव्हते. सर इतके खूश झाले की मला घरी नेऊन पोहे खाऊ घातले.

मग नागपूरहून एक तज्ज्ञ आले. भिंगातून बराच वेळ पाहून म्हणाले, "पंखाचा काठच शिल्लक नाही. शीर तिथेच दुभंगत असेल. आणि काटे नव्हतेच, की गळून पडले? ताजा, अख्खा कीटक दाखवा, मी मानतो." सरांची सगळी मेहनत आता एका धडधाकट कीटकावर येऊन ठेपली.

त्याच संध्याकाळी मी एक जिवंत पकडला आणि स्पिरिट काढलं. सरांनी बाटलीला बूच लावलं.

"मारायचं नाई. यांचं आयुष्य असते कितीसं? वाट पाहू."

माझं डोकं फिरलं, पण सरांपुढे बोलायची आपली टाप नव्हती. मग काचेची बरणी आली, तोंडाला मलमल आली, साखरपाण्याचा बोळा आला. त्या मरणाऱ्याची ठेवली तेवढी बडदास्त मी जावयाचीही पाहिली नव्हती.

बरणी सरांच्या घरी राहिली. कीटक काचेवर आपटत होता, थांबत होता, पुन्हा आपटत होता. सरांच्या पत्नी शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या.

"काऊन कोंडून ठेवलं त्याले? सोडून तरी द्या," त्या म्हणाल्या.

"आपण त्याले काही करून नाई राह्यलो," सर म्हणाले.

एका सकाळी तो तळाशी पडलेला दिसला. सरांनी चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरला, मग मला पाहायला दिला. पंखांच्या कडांच्या चिंध्या झाल्या होत्या. शीर दुभंगते की नाही ते जिथे कळलं असतं, नेमकी तेवढीच जागा गेली होती. पुढचे पाय तुटलेले. बरणीच्या काचेला आतून सगळीकडे लव चिकटली होती.

"सर, स्पिरिटमध्ये तो क्षणात गेला असता," मी म्हणून गेलो.

सूतकताईची वेळ झाली होती, पण सर चरख्यापाशी गेले नाहीत. बरणीकडे पाहतच म्हणाले, "संध्याकाळी नदीवर येजो. स्पिरिट घेऊन येजो."

हेच ऐकायला मी इतके दिवस तडफडत होतो. ऐकलं, आणि मला रडू आलं.