मांडवाबाहेरची हळद

रेणापुरात आवई उठली होती, की पंचफुलाबाईनं देगलूरला जाऊन माणिकप्पाच्या तोंडावर चप्पल मारली. साफ खोटं. पंचफुलाकाकूनं देगलूर बघितलेलंच नाही. आणि तिच्या चपलेला अंगठ्याशी पिन लावलेली आहे. मारायला उचलली तरी सुटून पडेल.

खरं असं. माणिकप्पा हळदीची गाणी बांधतो. इकडं लग्न म्हटलं की त्याचीच गाणी, आणि ती म्हणावी पंचफुलाकाकूनंच. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तिचा नवरा गेला, तेव्हापासून मात्र मांडवाबाहेर, कनातीमागं बसून. ती ओळ टाकायची, आतल्या सवाष्णी झील धरायच्या. आवाज चालायचा, बाई चालायची नाही.

मग माणिकप्पाचा व्हिडिओ फिरला. "हं... कुंकू पुसलेल्या बाईनं माझी हळद गाऊ नाही. हं... गाणं बाटतंय. काय?" ते खाकरणं आणि शेवटचं "काय?" मला असं जमायचं, की पोरी ओढणीत तोंड घालून हसायच्या. काकूनंही एकदा करून दाखवायला लावलं. हसली नाही. "घसा त्याचाच हाय," एवढंच म्हणाली.

त्यातच तिच्या लेकीचं, राजकन्याचं लग्न निघालं. औशाच्या व्याह्यांचा निरोप आला : हळदीला हिचा आवाजसुद्धा नको. काकूचा दीर भागवत तापला, "गाच वैनी! पण त्या मुडद्याचं नको, दुसऱ्या कुणाचं बी गा."

"दुसरं कशाला भावजी? राजी माझ्या मांडीवर हेच ऐकत झोपायची. त्याला ही अक्कल सुचायच्या लई आधीपासून गाऊन राहिले मी."

मी पैज लावली. "काकू, पहिल्या कडव्यातच गप होशील तू."

"झाले तर चौकात माझी नक्कल कर. न्हाई झाले तर माझ्यामागं झील धरायची, वर्षे पोरी. तुझ्या आवाजात. कुणाचा उसना न्हाई."

हळदीला काकू कनातीबाहेर, चुलीच्या धुरात बसली. मी शेजारी. तिनं ओळ टाकली :

"हळद लावा गं हलक्या हातानं,
लेक निघाली परक्या वाटेनं..."

आतून झील आलीच नाही. कनातीच्या फटीतून मी बघितलं. सगळ्या सवाष्णी पाटाभोवती मान खाली घालून. माझी आईसुद्धा त्यांच्यातच. उष्टी हळद घेऊन आलेली नवरदेवाची आत्या ओरडली, "बंद करा ते! अशानं पोरीला माहेर दिसणार न्हाई पुन्हा!"

काकू थांबली. पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, जिंकले.

आतून राजकन्याचा आवाज आला, रडून बसलेला. "माय, पुढचं म्हण की."

काकूनं पहिलं कडवं पुरं केलं. दुसरं उचललं. ढोलवाल्याला कुणीतरी खूण केली, ढोल वाजायला लागला, तरी म्हणतच राहिली. आत कुणाचे ओठ हलले नाहीत. तिनं माझ्याकडं बघितलं.

पैज मी हरले होते. झील धरली, माझ्याच चिरक्या आवाजात.