डॉक्टरीणबाईंना मी माफ केलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला सांगितलं असतं तर तुम्हाला वेगळं सांगायची गरजच उरली नसती.

मी अहमदपूरचा, चित्रकलेचा निवृत्त मास्तर. जन्मभर पोरांच्या तिरप्या रेघांवर लाल खुणा केल्या, आणि माझ्याच डोळ्याला सिलिंडरचा नंबर, म्हणजे सरळ रेघही तिरपी, पुसट दिसायची. मोतीबिंदू पिकला तेव्हा लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच ऑपरेशनात हा दोषही काढू. त्याचं भिंग खास असतं, ठरलेल्या कोनातच बसवावं लागतं. मला ताठ बसवून त्यांनी बुबुळाच्या कडेला शाईच्या खुणा केल्या. इतकी नेटकी आखणी मला कधी जमली नाही.

ऑपरेशन झालं. पट्टी उद्यापर्यंत काढायची नाही, डोळ्याला हात लावायचा नाही — तीनदा बजावलं. परतीच्या एसटीत शेजारी माझा मित्र विठ्ठल घोरत होता. मला धीर निघेना. बाहेरचे विजेचे खांब सरळ दिसतात का, एवढंच बघायचं होतं. चाकूरच्या पुढे पट्टी उचलली, धूळ आत गेली, आणि मी डोळा चोळला. हळू? छे — मुठीनं, खसाखसा. मग पट्टी गुपचूप परत चिकटवली.

दुसऱ्या दिवशी तपासणीत भिंग फिरलेलं निघालं.

"काका, डोळा चोळला होता का?"

"बोटसुद्धा लावलं न्हाई, बाई."

त्यांनी पुन्हा एकदा डोळ्यात बॅटरी मारून पाहिली. मग बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर म्हणाल्या, "मग बसवताना माझंच चुकलं असेल. सॉरी, काका. परत आत घेऊन सरळ करू."

इथं तरी तोंड उघडायचं की नाही? उघडलं ना. म्हणालो, "असू द्या, माणसाकडून होतं." माफ केलं मी त्यांना. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले, आणि खरं सांगू — मला ते आवडलं. भिंग दुसऱ्या खेपेला सरळ बसलं.

पुढल्या आठवड्यात विठ्ठलच्या मोतीबिंदूची पाळी होती, भिंगही माझ्यासारखंच खास ठरलेलं. तो म्हणाला, "बाईचा हात हुकून राहिला, मास्तर. मी आपलं साधंच बसवून घेतो, चष्मा लागला तर लागू दे." मी मान डोलावली.

आता तरी जाऊन सांगा, म्हणाल. नाही जाणार. भेकड म्हणा, लबाड म्हणा — दोन्ही शब्द मला चष्म्याशिवाय स्वच्छ वाचता येतात. विठ्ठलला येत नाहीत. चष्मा घरी विसरला की तो स्टँडवर विचारतो, "मास्तर, नांदेडची हाय का ही?" मी पाटी वाचून सांगतो.

"तुमचा डोळा लई झकास झाला," तो म्हणतो.

मी हो म्हणतो.