अफिबाची घडी

कोमवैन नदीकाठच्या त्या गावात सेराफिनाबाईंना सगळे घडीवाली मावशी म्हणत. कसाव्याच्या कंदाची खळ घालून कडक केलेला रुमाल त्या गुडघ्यावर दुमडत, टाचण्या मारत, की तो टोपीसारखा डोक्यावर बसे. प्रत्येक घडीला नाव आणि प्रत्येकीचं म्हणणं वेगळं. एक जुलैला, गुलामी संपल्याच्या दिवशी, मिरवणुकीतल्या तीस बायकांचे रुमाल बावीस वर्षं त्याच करत आल्या होत्या.

यंदा जुन्या उसाच्या मळ्यावर तिथल्या गुलामांच्या नावांचा दगड बसणार होता. यादी केली त्यांच्याच लेकीनं. मावीस शाळेत शिकवायची आणि उत्सवाच्या समितीची चिटणीस होती.

"अफिबा नाही यात."

"आई, ही सुटका झालेल्यांची यादी आहे. अफिबा चार महिने आधी गेली, तूच सांगतेस."

"म्हणजे मरायची घाई केली, हीच तिची चूक!"

"तसं नाही गं. समिती म्हणते, कागद दाखवा."

कागद कुठला? अफिबा म्हणजे सेराफिनाबाईंची खापरपणजी. मुकादमानं तिचा डावा कान कापला, तेव्हा तिनं रुमालाचं टोक कानावर सोडून घडी घातली. लेकीबाळींपर्यंत तेवढी घडीच पोचली होती.

समितीनं मिरवणुकीसाठी मोरपिसाऱ्याची घडी सांगितली होती. सेराफिनाबाई आठवडाभर दार लावून बसल्या. एक जुलैच्या सकाळी मावीसनं टोपल्या उघडल्या आणि एकेक रुमाल उचलून पाहिला. तीसच्या तीस रुमालांचं टोक डाव्या कानावर! आता खळ भिजवून पुन्हा घड्या घालायच्या तर दिवस मोडणार.

"अध्यक्षांना मी तोंड कसं दाखवू?"

"रुमालानं झाक की."

बोलल्या खऱ्या, पण मनात आलं, आपल्यापायी पोरीचं पद गेलं तर? तरी एकेका बाईच्या डोक्यावर रुमाल बसवताना त्या अफिबाची गोष्ट सांगत राहिल्या.

दगडापाशी मावीसनं यादी वाचली, एकशे बारा नावं. एकही जास्त नाही. सेराफिनाबाईंनी मान खाली घातली. मावीसनं कागद दुमडला, बायकांकडे पाहिलं आणि माईकवरच विचारलं, "बायांनो, ही घडी कुणाची?"

"अफिबाची!"

अध्यक्ष पुढे झुकून पुटपुटले, "हे यादीत नव्हतं."

"मी वाचलं कुठे? मी फक्त विचारलं."

सेराफिनाबाई सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीवर टेकल्या.